आवाजातलं उत्तर

"सगळ्या खिडक्या चमचे आहेत," वहिनीने वाचलं आणि ती तिथेच अडली. तिने पुस्तक उलटं करून कव्हर बघितलं, मग पुन्हा तेच पान उघडलं. "टिल्ली, हे छापताना काहीतरी घोळ झालाय गं."

"काही घोळ नाही. पुढे वाच."

"काही चमचे ढग आहेत."

"बरं."

"बरं काय बरं? कोणाच्या घरी बघितलेस असे चमचे?"

टिल्ली हसली. "वहिनी, खरं की खोटं ते आपल्याला विचारलेलंच नाही. त्यांनी सांगितलं ते मानायचं आणि तिथून पुढे सरळ चालायचं. निष्कर्ष काय दिलाय?"

"काही खिडक्या ढग आहेत." वहिनीने जरा विचार केला. "मग आहेतच की. खिडक्या चमचे, चमचे ढग. झालं."

"नाही होत. तुझ्याकडे बटणांचा डबा आहे ना? समज, त्यातली सगळी पांढरी बटणं गोल आहेत. आणि काही गोल बटणं फुटकी आहेत. मग पांढरं एखादं फुटकं असेलच का?"

वहिनीने मनातल्या मनात डबा उघडला. फुटकी असतील ती काळीही असू शकतील. निळीही. पांढऱ्यांना धक्काही लागलेला नसेल. एवढी साधी गोष्ट, पण ती डोळ्यांसमोर उलगडली तेव्हा तिला कोणीतरी अंधाऱ्या खोलीतला दिवा लावल्यासारखं झालं. साफ खोट्या दोन वाक्यांतून माणूस न घसरता चालत जाऊ शकतो, आणि कुठे थांबायचं तेही त्याला कळतं, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

टिल्ली म्हणजे तिची नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. जन्माला आली तेव्हा मूठभर होती म्हणून नाव पडलं टिल्ली. पुढे ती भावापेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव काही उंच झालं नाही. नवव्या वर्षी आजारपणात तिची नजर गेली. त्यानंतर ऐकून ऐकून ती शाळा शिकली, कॉलेज शिकली, पदवी घेतली, आणि आता सरकारी नोकरीच्या परीक्षेला बसत होती. मागच्या खेपेला परीक्षा केंद्राने तिला एक लेखनिक दिला होता. लेखनिक म्हणजे प्रश्न वाचून दाखवणारा आणि उमेदवार सांगेल ते उत्तर लिहिणारा माणूस. तो बिचारा इतका घाईत वाचायचा की अर्धे शब्द त्याच्या मिशीतच राहायचे. टिल्ली थोडक्यात नापास झाली. या वेळी नियम बदलला होता, स्वतःचा लेखनिक आणता येत होता. अट एकच, त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा कमी असावं.

"ती अट मी अगदी फर्स्ट क्लासमध्ये पूर्ण करते," वहिनी म्हणाली होती. बारावी झाल्या झाल्या तिचं लग्न झालं. तेव्हापासून ती घरीच कपडे अल्टर करायची. कोणाची पँट आखूड कर, कोणाचा कोट सैल कर. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं पायाचं मशीन होतं, आणि दुपारी गिऱ्हाइकांची वर्दळ कमी झाली की टिल्ली मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसायची. मग सराव.

वहिनी खरी हरखली ती बैठकीच्या प्रश्नांवर. अ, ब, क, ड, इ, फ असे सहाजण गोल टेबलाभोवती मध्याकडे तोंड करून बसलेत. अ च्या समोर ड. अ च्या लगेच उजवीकडे ब. ब च्या समोर क. इ काही ब च्या शेजारी नाही. तर इ च्या लगेच डावीकडे कोण? वहिनीने खडूने कापडाच्या तुकड्यावर गोल काढला, अ बसवला, ड बसवला. ब ला चुकीच्या बाजूला बसवून पुसला, पुन्हा बसवला. तेवढ्यात टिल्ली म्हणाली, "क."

"थांब गं, माझी माणसं अजून उभीच आहेत."

"तुझी चालू दे सावकाश."

वहिनीची माणसं एकदाची बसली. इ च्या डावीकडे खरंच क होता. तिने हातातला खडू खाली ठेवला. "तू हे कुठे मांडलंस? तुला कागद नाही, काही नाही."

टिल्लीने मान जरा तिरकी केली, विचार करताना करायची तशी. "मी त्यांना बोलायला लावते. अ ला कायम खोकला. ड त्याच्या समोर बसून कंटाळलेला, तो टेबलावर बोटं वाजवतो. ब अ च्या उजव्या कानाशी कुजबुजतो. मग मी मध्ये जाऊन उभी राहते आणि ऐकते. कोणाचा आवाज कुठून येतोय ते कळतंच की."

"म्हणजे तू टेबलावर उभी?"

"टेबलावर. चपला काढून."

दोघी हसल्या, पण नणंद आत गेल्यावर वहिनी बराच वेळ त्या कापडावरच्या गोलाकडे बघत बसली. इतकी वर्षं ही मुलगी तिच्याच घरात वावरत होती. तिच्या ताटात वाढलं, तिचे केस विंचरले, रस्ता ओलांडताना तिचा हात धरला. आणि त्या कपाळामागे सहा माणसं खोकत, कुजबुजत, आपापल्या खुर्च्या धरून बसतात, याचा वहिनीला पत्ताच नाही! जवळच्या माणसाच्या आत केवढी जागा असते, हे तिच्या पहिल्यांदाच मनात आलं.

सराव रंगला. बैठकी, दिशा, नातेसंबंध, सगळ्यांत टिल्ली पक्की. शब्दांचे प्रश्न तिला पूर्वी जड जायचे. पण वहिनी वाचायला लागल्यापासून तेही सुधारले. उत्तरांची पानं टिल्लीने पहिल्याच दिवशी पुस्तकातून कापवून घेतली होती आणि भावाच्या स्वाधीन केली होती, मोह नको म्हणून. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. ती पानं त्याच्या हत्यारांच्या पिशवीत असायची, आणि संध्याकाळी घरी आला की तो ग्रीसच्या बोटांनी तपासून निकाल सांगायचा.

मग वहिनीचा घसा बसला. दोन-तीन दिवस आवाजच फुटेना. तेव्हा नवऱ्याने सुटी होती म्हणून वाचायचं काम घेतलं. तो लिफ्टमधल्या बाईसारखा वाचायचा, पहिला मजला, दुसरा मजला, एका सुरात. बैठकीचे प्रश्न टिल्लीने नेहमीसारखे सोडवले. पण शब्दांत ती अशी आपटली की भाऊच घाबरला. "अगं, अर्धे चुकले. बरं नाही का तुला?"

टिल्लीने पुस्तक मिटायला लावलं. दोन दिवस ती स्टुलाकडे फिरकली नाही. वहिनीचा घसा सुटला तशी दुपारी येऊन स्टुलावर बसली, आणि पुस्तक पुढे न करता म्हणाली, "वहिनी, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार की."

"तू उत्तरं बघून वाचतेस का?"

वहिनीचा पाय मशीनवरून निसटला. "मी? ती पानं तुझ्या दादाच्या पिशवीत असतात, पान्याखाली. त्या पिशवीला हात लावला तर तो मला लिफ्टमध्ये कोंडेल. असं कसं गं विचारलंस?" तिचे डोळे भरून आले. इतक्या दुपारी खर्ची घातल्या, आणि शेवटी काय, चोरीचा आळ!

टिल्लीने चाचपत तिचा हात धरला. "तसं नव्हे. ऐक ना. तू पर्याय वाचतेस तेव्हा एका शब्दावर तुझा आवाज जरासा बसतो. माणूस खुर्चीत बसतो तसा. बाकीच्यांवरून नुसती जातेस. मला आधी कळलंच नव्हतं मी त्यावर चाललेय. दादाने वाचलं तेव्हा पायाखालची जमीनच गेली."

"कायतरीच. मला कुठे काय येतंय? मी आपली वाचते."

"बघूया मग." टिल्ली सरसावून बसली. "आता एक कर. प्रश्न मनातल्या मनात वाच. मला सांगू नकोस. नुसते चार पर्याय मोठ्याने वाच, नेहमी वाचतेस तसे."

वहिनीला हे अगदीच पोरकट वाटलं. पण नणंदेचा चेहरा गंभीर होता. तिने मधलंच एक पान उघडलं. 'मोघम' या शब्दाच्या उलट अर्थाचा शब्द विचारला होता. तो तिने मनात वाचला, घसा खाकरला आणि म्हणाली, "अस्पष्ट. थोडका. नेमका. गोल."

"नेमका," टिल्ली म्हणाली.

वहिनी थबकली. "तुला प्रश्न कुठे माहीत आहे?"

"नाहीच माहीत. पुढचा."

पुढचा होता वेगळा शब्द ओळखायचा. "शिंपणे. ओतणे. सांडणे. गाळणे."

"सांडणे."

वहिनीने पुस्तक मांडीवर ठेवलं, मग उचललं. आणखी एक वाचला. आणखी एक. टिल्ली प्रश्न न ऐकता बोट ठेवत गेली आणि वहिनी कापडावर खडूने आकडे टिपत गेली. संध्याकाळी नवरा आला, तेव्हा त्याला चहासुद्धा न विचारता दोघींनी आधी ती पानं काढायला लावली. तो ताडून बघत गेला. बघता बघता त्याचा आवाज बारीक झाला. एखाददुसरा सोडला तर सगळे बरोबर.

"कोणाचे बरोबर?" त्याने विचारलं. "सोडवले कोणी?"

टिल्लीने प्रश्न ऐकले नव्हते. मग राहिलं कोण?

"'सांडणे' का?" टिल्लीने हळूच विचारलं. "सांग ना, वहिनी."

वहिनी गोंधळली. कोणी समोरून असं विचारलं की तिच्या डोक्यातलं सगळं पळून जायचं. शाळेतही तेच, बाईंनी नाव घेतलं की फळा कोरा दिसायचा. तिने मशीनच्या चाकावर हात ठेवला, जुनी सवय होती. मग शब्द आपोआप आले. "बाकीचं माणूस करतो. ओततो, शिंपतो, गाळतो. सांडतं ते... सांडतं. आपण नाही करत."

नवरा पान हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आपल्या बायकोला तो आज पहिल्यांदा भेटत असल्यासारखा बघत होता. वहिनीला तर त्याच्याकडे बघवेचना. तिला वाटलं, आपल्याच घरात एक खोली होती, आत कोणीतरी राहत होतं, ते रोज दुपारी भिंतीआडून उत्तरं सांगत होतं, आणि ते ऐकू आलं ते नजर गेलेल्या मुलीला. भीती वाटावी इतकं नवल होतं ते.

शेवटी नवराच भानावर आला. "पण मग बिघडलं काय? परीक्षेत असंच वाच. कोणाला कळणारे? आवाज बसला म्हणून कोणी पकडतं का?"

"दादा," टिल्ली म्हणाली, "उद्या नोकरी लागली तर वहिनीला रोज सोबत घेऊन जाऊ का? टेबलाखाली बसवू?"

तो कान खाजवायला लागला.

"मला माझं मला कळायला हवंय," ती म्हणाली. "बैठकी मी सोडवते. शब्दही मीच सोडवणार. वहिनी, तुला सपाट वाचायला शिकावं लागेल."

सांगायला सोपं होतं. वहिनीने आवाज दाबला की तो उलट चुकीच्या शब्दावर बसायचा आणि टिल्ली म्हणायची, "आता मला फसवतेयस." उत्तर कळू द्यायचंच नाही असं ठरवलं की ते आणखी लवकर कळायचं. एकदा तर तिने डोळे मिटून वाचायचा प्रयत्न केला, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. शेवटी उपाय सापडला तो मशीनवर. रिकाम्या मशीनचं पायडल हलवत तिने प्रत्येक पायडलला एक शब्द टाकायला सुरुवात केली. टाके कसे एकसारखे पडतात, एकही लांब नाही, एकही आखूड नाही, तसे शब्द. शब्द कापडासारखे पुढे सरकत जायचे आणि तिचं लक्ष पायाकडे राहायचं. हळूहळू टिल्लीला त्यातलं उत्तर ऐकू येईना. सुरुवातीला तिचे खूप चुकले. मग ती आपल्या पायांवर उभी राहायला शिकली. शब्द जिभेवर घोळवून, वाक्यात घालून, उलटेपालटे करून बघायला लागली. गुण पूर्वीइतके आले नाहीत. पण जे आले ते तिचे होते.

परीक्षेच्या दिवशी लेखनिकवाल्या उमेदवारांना वेगळ्या खोलीत बसवलं होतं. प्रत्येक जोडीसाठी एक बाक, बाकांमध्ये भरपूर अंतर. पर्यवेक्षक बाई प्रत्येक लेखनिकाला बजावत फिरत होत्या, "फक्त वाचायचं आणि सांगतील तोच गोल काळा करायचा. स्वतःचं डोकं चालवायचं नाही." वहिनीला मनात हसू आलं. डोकं चालतंय हे कळायलाच तिला एवढी वर्षं लागली होती, आणि कळल्या कळल्या ते बंद करायचा हुकूम!

ती वाचत गेली. बाकाखाली तिचा पाय आपोआप हलत होता. टिल्ली मान तिरकी करून ऐकायची, ओठ हलवायची, उत्तर सांगायची. बैठकीचा प्रश्न आला तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरझर गेलं आणि वहिनीला कळलं, ही आता टेबलावर चढली. तिला वाटलं, पर्यवेक्षक बाईंना हाक मारून सांगावं, इकडे बघा, इथे काय चाललंय ते बघा! पण खोलीतले बाकीचे बाकही तसेच होते. कोणी बोटं मोजत होतं, कोणी हवेत रेघा ओढत होतं, आणि प्रत्येकाच्या शेजारी कोणीतरी बसून हलक्या आवाजात वाचत होतं.

शेवटाकडे दिशेचा एक प्रश्न आला. एक माणूस पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. तो उजवीकडे वळतो, मग पूर्ण मागे फिरतो, मग डावीकडे वळतो. वहिनीने टाके टाकत टाकत शेवटपर्यंत वाचलं, चारही दिशा सपाट वाचल्या.

"दक्षिण," टिल्ली म्हणाली.

वहिनीचा हात थांबला. माणूस पूर्वेकडे बघतोय. पश्चिमेतून उजवीकडे म्हणजे उत्तर, मागे फिरला की दक्षिण, तिथून डावीकडे पूर्व. तिने मनात पुन्हा एकदा फिरवून बघितला. पूर्वच! टिल्लीसारखी टिल्ली, आणि दिशेत चुकते? एकदा नुसतं "नक्की?" म्हटलं तरी ती सावध होईल. तेवढंसुद्धा नको, नुसता श्वास सोडला तरी तिला कळेल. समोर पर्यवेक्षक बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

वहिनीने श्वास रोखून धरला आणि दक्षिणेचा गोल काळा केला. काळा करताना तिला आतून कोणीतरी ओरबाडत असल्यासारखं वाटलं. मग तिने पुढचा प्रश्न वाचला, त्याच सुरात.

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तिला राहवेना. "टिल्ली, तो पश्चिमेचा माणूस. तू दक्षिण म्हणालीस."

"हो. आणि तू श्वास धरून ठेवलास," टिल्ली म्हणाली. "मला वाटलंच, तुझं काहीतरी वेगळं आहे."

वहिनी चालता चालता थांबली. "कळलं तुला? मग बदललं का नाहीस?"

"का बदलू? माझं माझ्याजवळ होतं. चल, उभी राहा. समोर पश्चिम धर." तिने वहिनीला खांद्यांना धरून पॅसेजमध्येच उभं केलं. "उजवीकडे वळ. आता मागे फिर. आता डावीकडे. कुठे आलीस?"

"पूर्वेला. तेच म्हणतेय मी."

"आता उजवा हात पसर."

वहिनीने हात पसरला. समोरून येणारा शिपाई दचकून बाजूला झाला.

"हात कुठे गेला?"

"दक्षिणेला. पण हाताचं काय?"

"प्रश्न हाताचा होता, वहिनी. त्याच्या उजव्या हाताला कोणती दिशा आहे? तूच वाचलंस."

वहिनी हात पसरून तशीच उभी राहिली. तिने वाचलं होतं. स्वतःच्या तोंडाने, एकेक शब्द, एकही टाका न सोडता. आवाज सांभाळता सांभाळता शेवटचं वाक्य तिच्या तोंडातून गेलं होतं, कानात आलंच नव्हतं. आणि ती किती ठाम होती! तिच्या एका श्वासाने बरोबर उत्तर पुसलं गेलं असतं, आणि जन्मभर तिला वाटत राहिलं असतं की आपण टिल्लीला वाचवलं. माणूस इतका खात्रीचा असू शकतो आणि इतका चुकीचा, दोन्ही एकाच वेळी, हे तिला त्या पसरलेल्या हाताच्या टोकाशी दिसलं.

"हात खाली घे आता," टिल्ली म्हणाली. "लोक बघत असतील."

"तुला काय माहीत?"

"कोणीतरी चालता चालता थांबलंय."

खरंच, तो शिपाई वळून बघत उभा होता.

निकाल लागला तेव्हा टिल्लीचं नाव यादीत वर नव्हतं, मधेही नव्हतं, खालच्या बाजूला होतं, पण होतं. पाणीपुरवठा खात्यात तक्रारी ऐकायच्या टेबलावर तिची नेमणूक झाली. पहिल्या आठवड्यातच घरी येऊन ती सांगायला लागली, लोक सांगतात नळाची तक्रार, पण आवाजावरून कळतं की घरात भांडण झालंय. भाऊ म्हणाला, "म्हणजे सरकारने आता लिफ्ट बिघडली तरी तुलाच फोन करायला हवा."

वहिनीच्या दुपारी रिकाम्या झाल्या. त्या तिला खायला उठल्या. मग टिल्लीच्या ओळखीच्या एका मुलीने विचारलं, वाचनालयाच्या खालच्या खोलीत आम्ही काहीजण सराव करतो, वाचणारं कोणी मिळत नाही, येशील का? वहिनी गेली. चार-पाचजण लांब टेबलाभोवती बसले होते. तिने गोल टेबलाचा एक प्रश्न वाचला, सहाजणांचा, आणि उत्तरं आल्यावर न राहवून विचारलं, "तुम्ही ही माणसं बसवता कशी? म्हणजे, कोणाचे आवाज ऐकता का?"

"आवाज?" एकाला नवल वाटलं. तो मालिशचं काम करायचा. "मी तर त्यांना हाताच्या बोटांवर बसवतो. अंगठ्यावर अ. मग दाबून बघतो, कोण कोणाच्या शेजारी दुखतंय."

शेजारची मुलगी गायची. तिने प्रत्येकाला एकेक सूर दिला होता; दोन शेजारी चुकले की तिला बेसूर लागायचं. कोपऱ्यात एक दांडगा माणूस होता, अपघातात डोळे जाण्याआधी बस चालवायचा. तो म्हणाला, "मी त्यांना चौकातल्या गोलाभोवती गाड्यांसारखं लावतो. आणि मध्ये मी उभा, शिटी घेऊन. ब ने रस्ता सोडला नाही की शिटी मारतो."

सगळे हसले. वहिनी मात्र हसायचं विसरली होती. एकच प्रश्न तिने वाचला होता, छापलेल्या तीन ओळी. आणि या एवढ्याशा खोलीत त्याच सहा माणसांसाठी एक चौक उघडला होता, एक मैफल लागली होती, कोणाच्या तळहातावर अख्खं टेबल मांडलं गेलं होतं. तिने एकेकाच्या कपाळाकडे पाहिलं. साधी कपाळं. घामेजलेली, एकावर जुना व्रण.

"वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, "गाड्या खोळंबल्यात. पुढचा वाचा."